दारात लावू नये

छापखान्यात एकतीस वर्षं
करकरीत नोटांचे ताव तपासले मी.
कुठे शाई फुटली, कुठे तार सरकली,
अंगठ्याच्या एका फटकाऱ्यात कळायचं.

आणि जेलरोडच्या या हातभर अंगणात
चार महिने मला कळेना
कुंडीत आलंय ते गवत की आलं.

बी दिलं होतं भिवराबाई भोयेंनी.
पेठहून रानभाज्या घेऊन
बुधवारी गंगेवर बसतात त्या.
सात शेंदरी दाणे, पुडीत.
"खायाचं नाय, चाखायचं नाय.
लावायचं आन् वाट बघायची."
"किती?"
"तुमाला घाई हाये का?"

पहिल्या वर्षी तीन पानं.
दिवाळीला तीही वाळली.
सून म्हणाली, मेलंय, टाकून द्या.
मी कुंडी जिन्याखाली सरकवली
आणि पाणी घातलं नाही.
पाणी न घालणं हेही जोपासणंच,
हे कळायला साठी ओलांडावी लागली.

दुसऱ्या वर्षी पुन्हा पानं, वीतभर उंच.
भिंग काढलं
(विकतचं, छापखान्याचं नव्हे).
शिरा सरळ, त्या काय आल्याच्याही असतात.
पण टोक!
टोक बारीक होत होत पुढे जातं
आणि बाळाच्या करंगळीसारखं वळतं,
हवेत काहीतरी धरायला.
गवत असं कधी काही धरत नाही.
पान उजेडाला धरलं, म्हणाले, खरी.
कळलावी.

नाव ऐकून जाऊबाई उंबऱ्यातच थबकल्या.
"दारात लावू नये. भांडणं लागतात."
भिंतीपलीकडच्या आहेरबाईंशी
माझा अबोला नऊ वर्षांचा,
गटाराच्या पाइपावरून.
तेव्हा दारात नुसती तुळस होती.

तिसऱ्या वर्षी माती बदलताना कंद पाहिला,
दोन फाट्यांचा, नांगरासारखा.
हातमोजे घालून; तरी साबण दोनदा.
नातवाला सांगितलं,
डोळ्यांनी बघायचं, बोटांनी नाही.
काठी रोवली. तिने काठी नाकारली.
भिंतीवरची जाळी धरत धरत
श्रावण सरता सरता पलीकडे जाऊन फुलली.
माझ्या बाजूला नुसते देठ.

स्टुलावर चढून बघायची मी.
फुलाची मान खाली,
सहा पाकळ्या मात्र वर उलटलेल्या, काठ नागमोडी.
आधी हिरवट, मग हळदी, मग टोकाकडून लाल.
एकच ताव, रोज वेगळी छपाई;
आमच्याकडे असता तर रद्द केला असता.
केसर चाकाच्या आऱ्यांसारखे ताणलेले
आणि मधली दांडी बुडाशीच काटकोनात मुरडून बाहेर.
तिथे माझं बोट थांबलं. खोट वाटली.

मग एक मोठं काळं फुलपाखरू आलं.
धड बसलं नाही, सोंड खुपसून फडफडत राहिलं,
पंख आऱ्यांना घासले.
उडालं तेव्हा पंखांखाली पिवळी पूड.
पुढच्या फुलाशी गेलं
तर मुरडलेली दांडी बरोबर वाटेत उभी.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा
मी खोट मागे घेतली.

आलं कुठून म्हणून पाहिलं,
तर आहेरबाईंच्या कढीपत्त्यावर
पानं कुरतडलेली, एक हिरवी अळी,
आणि फांदीला एक रिकामा कोष.

"अहो."
भिंतीपलीकडून. नऊ वर्षांनी.
"हे तुमचं काय आहे?
परवा पिवळं होतं, आज लाल झालंय."
"कळलावी."
बराच वेळ काही नाही. कुकरची एक शिट्टी.
मग, "कढीपत्त्याला अळ्या पडल्यात.
उद्या फवारतेय. तुमच्याकडे उडेल, खिडकी लावून घ्या."
"नका फवारू."
"का म्हणून?"

का ते सांगण्यात दुपार गेली,
त्या ओट्यावर, मी स्टुलावर.
पाइपाचं अजून मिटलेलं नाही.